बांगड्याचा हंगाम आणि बँकेचा हप्ता

कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या वर्षी बांगडा कमी लागला की त्याची दोन स्पष्टीकरणे ठरलेली असतात. शासकीय अधिकारी म्हणतात, हा निसर्गाचा लहरीपणा आहे. शहरातील सुशिक्षित म्हणतात, हा मच्छीमारांचा हव्यास आहे. दोन्ही स्पष्टीकरणे सोयीची आहेत. पहिल्यात कोणीच दोषी ठरत नाही आणि दुसऱ्यात सगळेच दोषी ठरतात. वाळूत पाय रोवून रापणीचा दोर ओढणारा गाबीत आणि एका फेरीत अख्खा थवा उचलणाऱ्या पर्ससीन नौकेचा मालक या दोघांना 'मच्छीमार' या एकाच शब्दात बसवले, की विचारण्यासारखा प्रश्नच उरत नाही. तो प्रश्न विचारणे हा या लेखाचा हेतू आहे. बांगड्याचा प्रश्न मुळात मालकीचा आणि भांडवलाच्या स्वरूपाचा आहे, आणि हे त्या माशाच्या जीवनक्रमावरूनच सिद्ध होते, असे माझे प्रतिपादन आहे.

समुद्रापासून दूर, पुण्यात बसून या विषयाशी आपला काय संबंध, असे काही साथींना वाटेल. संबंध ताटातला आहे. सुरमई-पापलेट ज्याच्या घरी कधी शिजत नाही त्याच्या घरी बांगडा शिजतो. गणेश पेठेतील बाजारातून हमालाच्या, रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या पिशवीत जाणारी समुद्राची मासळी बहुधा हीच. याच शहरातील गोखले अर्थशास्त्र संस्थेतून प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले. दरडोई दररोज २२५० उष्मांक ही त्यांची कसोटी होती. उष्मांक भाकरीतून किंवा भातातून भागवता येतात. प्रथिनांचे तसे नाही. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. गरिबाच्या ताटातील इतक्या स्वस्त आणि पौष्टिक अन्नाचे नियमन कोणाच्या सोयीने होते, हा आपल्या पक्षाच्या कार्यक्रमातला विषय नसेल तर दुसरा कोणता असावा?

मासा किनाऱ्याला का येतो

बांगड्याचे शास्त्रीय नाव 'रास्ट्रेलिगर कानागुर्टा'. यातील दुसरा शब्द तेलुगू आहे. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने विशाखापट्टणमला जमवलेली माशांची वर्णने १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत तेथील कोळ्यांच्या तोंडचे हे नाव आले आणि त्यावरून कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला प्राणिशास्त्रात स्थान दिले. नामकरणाचे श्रेय पॅरिसला गेले. ओळख मात्र होडीवरच्या माणसाची होती. पहिल्या शब्दाच्या मुळाशी दंताळे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बांगड्याने तोंड उघडले की कल्ल्यांवरचे लांब काटे खरोखरच दंताळ्याच्या दातांसारखे दिसतात. या दंताळ्यातून पाणी गाळून तो त्यातील सूक्ष्म प्लवकांवर जगतो. लहान वयात वनस्पती-प्लवक व बारीक जीव, आणि मोठेपणी त्यांहून मोठे प्राणी-प्लवक, कोळंबीची व माशांची पिल्ले, असा त्याचा आहार आहे.

त्याचे बाकीचे सारे वर्तन या आहारातून निघते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोलातले थंड व पोषक क्षारांनी युक्त पाणी वर येते, दक्षिणेकडे अधिक जोराने. नद्यांचे गढूळ पाणी त्यात मिसळते आणि प्लवकांची भरघोस वाढ होते. पाऊस ओसरला की या चराईवर बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात. रत्नागिरीपासून केरळातील कोल्लमपर्यंतचा पट्टा हे त्याचे परंपरागत क्षेत्र, आणि सप्टेंबरपासून पुढचे काही महिने हा त्याचा भर. तो तांबड्या समुद्रापासून इंडोनेशियापलीकडे पसरलेला आहे. सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातही पोहोचला आहे. पण सर्वत्र त्याची रीत हीच: उथळ, उबदार पाणी, वरचा थर आणि दाट थवा.

त्याच्या आयुष्याचे गणितही लक्षात घेण्यासारखे आहे. तो साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, फार झाले तर ३५. आयुष्य तीन-चार वर्षांचे. अंडी एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घालतो आणि आपल्या समुद्रात हा काळ मार्चपासून सप्टेंबरपर्यंत लांबतो. हंगामात सापडणाऱ्या बांगड्यांपैकी मोठा हिस्सा वर्षाच्या आतबाहेरच्या वयाचा असतो. म्हणजे एका वर्षीची पकड ही बव्हंशी त्याच्या आधीच्या पावसाळ्यात किती पिल्ले जगली यावर ठरते. पाऊस, वारे, पाण्याचे तापमान, प्लवकांची वेळ यांत थोडा फरक पडला की पिढीच्या पिढी तरते किंवा बुडते. म्हणून बांगड्याचे उत्पादन एका वर्षी दुथडी आणि दुसऱ्या वर्षी कोरडे, असे फार पूर्वीपासून चालत आले आहे. निसर्गाच्या लहरीची गोष्ट खोटी नाही. तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो खोटा आहे.

दोन जाळी, दोन अर्थव्यवस्था

थव्याने किनाऱ्याजवळ येणाऱ्या माशासाठी कोकणाने व गोव्याने रापण शोधून काढली. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. या पद्धतीत माशाचा पाठलाग नाही. तो दारी येईपर्यंत वाट पाहणे आहे. एका माणसाला रापण ओढता येत नाही, म्हणून रापणीचा संघ असतो, संघाचे वाटेकरी असतात, कोणत्या संघाने कोठे व केव्हा जाळे टाकायचे याच्या पाळ्या असतात. मासळीचे वाटे पडतात आणि दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही चार बांगडे मिळतात. या व्यवस्थेत सारे न्याय्य होते असा माझा दावा नाही. जाळे-होडीच्या मालकीचा वाटा तेथेही वेगळा निघतो आणि बाया मासळी विकत असल्या तरी संघाच्या निर्णयात त्यांना स्थान नसे. पण तिचा एक आर्थिक गुण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने डोळ्यांआड करू नये: तिचा स्थिर खर्च अल्प असतो. बांगडा आला नाही तर रापण वाळूवर पडून राहते. माणसे हाल सोसतात, शेतीवर किंवा मजुरीला जातात. पण जाळे व्याज मागत नाही.

पर्ससीनची रचना याच्या उलट आहे. शक्तिमान इंजिनाची नौका थव्याला वेढा घालते, वर बोयरे व खाली कड्या असलेले जाळे सोडते आणि कड्यांतून ओवलेला दोर यंत्राने खेचून बटव्यासारखा तळ आवळते. थवा शोधायला ध्वनिलहरींचे यंत्र असते. तीसेक खलाशी कामाला असतात. ज्या स्वभावामुळे बांगडा गरिबांचा मासा झाला, म्हणजे वरच्या थरात दाट थव्याने किनाऱ्याजवळ राहणे, तोच स्वभाव या जाळ्यापुढे त्याला असहाय करतो. विखुरलेल्या माशाला साठा घटला की वाचण्याची संधी वाढते, कारण त्याला शोधणे परवडत नाही. थव्याने राहणाऱ्याला तीही नाही. साठा अर्धा झाला तरी उरलेला अर्धा एकत्रच असतो, आणि यंत्र त्याला तितक्याच सहजतेने शोधते.

आता दोन्हींना वाईट वर्षात उभे करून पाहावे. नौकेवर लाखो रुपयांचे कर्ज आहे. डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, जाळ्याची डागडुजी आणि सर्वांवर बँकेचा हप्ता. मासा वर्षावर्षाला बदलतो, हप्ता बदलत नाही. बांगडा आला नाही म्हणून ही नौका बंदरात थांबू शकत नाही. तिला बाहेर पडावेच लागते. मोठा मासा नसेल तर कोवळा, दिवसा नसेल तर रात्री प्रखर दिव्यांनी थवे गोळा करून, परवानगीच्या हद्दीत नसेल तर हद्दीच्या आत. कोवळा मासा कोणी खायला घेत नसेल तर मासळीच्या भुकटीचे कारखाने आहेतच. तेथे चार-पाच किलो ताज्या मासळीची एक किलो भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या व निर्यातीच्या कोळंबीच्या खाद्यात जाते. गरिबाचे प्रथिन अशा रीतीने श्रीमंताच्या ताटात पोहोचते, तेही वाटेत बहुतांश गमावून.

येथे कोणा मालकाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. तो मालक उद्या साधुपुरुष झाला तरी हप्ता राहणारच. ज्या साधनसंपत्तीचे उत्पादन स्वभावतःच अस्थिर आहे तिच्यावर अवजड, कर्जावर उभे असलेले स्थिर भांडवल बसवणे हीच मूळ चूक आहे. अधिकाऱ्यांचा 'निसर्गाचा लहरीपणा' हा युक्तिवाद आपल्याविरुद्ध नसून आपल्या बाजूचा आहे. निसर्ग लहरी आहे म्हणूनच पडत्या वर्षात थांबू शकेल असे हलके साधन हवे.

कायदे आहेत, मग?

हा संघर्ष नवा नाही. गोव्यात अनुदानाच्या पैशातून ट्रॉलर आणि पर्ससीन आले तेव्हा सत्तरच्या दशकात रापणकार मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक नौकांना बंद झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. केरळने आपल्या सागरी हद्दीत पर्ससीनवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ग्राह्य धरली. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना ज्या राजापूर मतदारसंघाने वर्षानुवर्षे लोकसभेत पाठवले, त्यातील मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हाच लढा पुढे अनेक वर्षे चालला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. नवे पर्ससीन परवाने बंद झाले, नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरले आणि मासेमारीचा काळ सप्टेंबर ते डिसेंबर असा आखला गेला. प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांत गेल्या. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी वेगळीच.

कागदावर एवढे असताना तक्रार कशाची? तीन गोष्टींची.

पहिली, २०१६ च्या आदेशाने वर्षातील आठ महिने पर्ससीन बंद ठेवली, हे ऐकायला मोठे वाटते. परंतु मोकळे ठेवलेले चार महिने नेमके तेच, ज्यांत बांगडा किनाऱ्याला येतो. रापणीचा हंगाम आणि पर्ससीनचा हंगाम एकच ठरवायचा आणि मग दोघांना समान संधी दिल्याचे समाधान मानायचे, ही समानता बैल आणि ट्रॅक्टर यांच्या शर्यतीतली आहे.

दुसरी, पावसाळी बंदी ६१ दिवसांची. बांगड्याचा अंडी घालण्याचा काळ मार्च ते सप्टेंबर. सात महिने समुद्र बंद ठेवावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु मग बंदीच्या आधीच्या व नंतरच्या महिन्यांत पाण्यात काय उतरते यावर अधिक कडक लक्ष हवे. किमान लांबीचा नियम समुद्रात तपासता येत नाही, तो जेटीवर आणि भुकटीच्या कारखान्याच्या फाटकावर तपासावा लागतो. त्या फाटकावर उभे राहण्याची शासनाची तयारी दिसत नाही.

तिसरी आणि सर्वांत गंभीर, एका हाताने बंदी घालणारे शासन दुसऱ्या हाताने अनुदान देते. डिझेलचा परतावा इंजिनाच्या भुकेप्रमाणे मिळतो. ज्याचे इंजिन मोठे त्याचा परतावा मोठा, आणि वल्ह्याच्या होडीला काहीच नाही. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून सहकारी संस्थांच्या नावाने यांत्रिक नौका आल्या. सहकार कागदावर राहिला आणि नौका अनेकदा एका कुटुंबाची झाली. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आकार २०,०५० कोटी रुपयांचा. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. दर्जा मिळाला हे चांगलेच. पण शेतीच्या सवलती शेतमजुरापर्यंत किती पोहोचल्या याचा अनुभव आपल्याला आहे. त्या दर्जाचा लाभ सुकी मासळी विकणाऱ्या बाईला किती आणि नौकामालकाला किती, याचा हिशेब मागितला पाहिजे.

काही आक्षेप

सुशिक्षितांचा पहिला आक्षेप सिद्धान्ताचा असतो. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. सामायिक संपत्तीची लूट होणारच. तेव्हा समुद्रही वाटून खासगी हक्क निर्माण करावेत. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीचेच उदाहरण घेऊन हा विचार अर्थशास्त्रात आणला आणि १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी त्याला लोकप्रिय केले. परंतु तो विचार ज्या समुद्राला लागू पडतो तो बेवारस समुद्र असतो. पाळ्या, जागा आणि वाटे ठरलेला रापणीचा किनारा बेवारस नव्हता. तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमार चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतात आणि रोज पुढच्या जागी सरकतात, हे उदाहरण देऊन एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये या सिद्धान्ताची मर्यादा दाखवली. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तरी आमच्या नियोजनकारांच्या टेबलापर्यंत तो विचार पोहोचलेला नाही. कोकणचा किनारा बेवारस झाला तो अनुदानित इंजिने त्यात सोडल्यानंतर.

दुसरा आक्षेप पुरोगामी वर्तुळातूनच येतो: यंत्राला विरोध म्हणजे प्रगतीला विरोध. यंत्र माणसाचे कष्ट कमी करते तेथे ते हवेच. होडीला छोटे इंजिन, किनाऱ्यावर बर्फाचा कारखाना, शीतगृह, सुरक्षिततेची साधने, हवामानाची सूचना, मासळी सुकवण्याचे स्वच्छ ओटे ही यंत्रे कोणी नाकारलेली नाहीत, आणि नेमकी तीच रापणकाराला आजही अपुरी आहेत. पर्ससीनमुळे समुद्रातला एकही बांगडा वाढत नाही. कारखान्यातील यंत्र उत्पादन करते. हे यंत्र फक्त वाटणी बदलते.

तिसरा आक्षेप खलाशांच्या नावाने घेतला जातो. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळातून व परराज्यांतून आलेले खलाशी राबतात. नौका कमी झाल्या तर त्यांच्या पोटाचे काय? हा कळवळा खरा मानायचा तर एरवी त्यांच्या नोंदणीचे, विम्याचे, निश्चित वेतनाचे प्रश्न मालकांनी का सोडवले नाहीत, हे विचारावे लागेल. खलाशी आपला शत्रू नाही. तो या व्यवस्थेतील सर्वांत दुबळा श्रमिक आहे. त्याची संघटना बांधणे आणि रापणकाराचे रक्षण करणे ही एकाच कार्यक्रमाची दोन कलमे आहेत.

चौथा युक्तिवाद नवा आहे: सारे हवामानबदलामुळे होते आहे. अरबी समुद्र तापतो आहे आणि बांगडा पूर्वीपेक्षा उत्तरेकडे व खोल पाण्यात अधिक आढळू लागला आहे, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. ते मान्य. पण आजाऱ्याची ताकद कमी झाली आहे, तेव्हा त्याच्या पाठीवरचे ओझे तसेच ठेवा, असा सल्ला कोणता वैद्य देईल?

पेरूचा धडा

साथींनी दक्षिण अमेरिकेतील पेरूचा इतिहास मुद्दाम अभ्यासावा. तेथील अँकोव्हेटा हा बांगड्यासारखाच थव्याने राहणारा, प्लवकांवर जगणारा, वर येणाऱ्या थंड पाण्यावर अवलंबून असलेला मासा. भुकटीच्या कारखान्यांसाठी तेथे प्रचंड ताफा उभा राहिला आणि १९७० साली पकड १ कोटी २० लाख टनांवर गेली. १९७२ मध्ये समुद्राचे पाणी तापले. ताफा थांबू शकला नाही. १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्याही खाली कोसळली. त्याच वर्षी तेथील सरकारने सारा उद्योग राष्ट्रीयीकृत केला. पण मासा पूर्ववत व्हायला दीर्घ काळ जावा लागला. नौकेवरचा फलक बदलून समुद्राचा भार हलका होत नाही. मालकी समाजाची हवी, आणि साधनही समुद्राला झेपेल असे हवे. दोहोंपैकी एक सोडून चालत नाही.

आशेला जागा आहे आणि तीही या माशाच्या जीवनक्रमातच. दीर्घायुषी मासा संपला की पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागते. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची मासेमारी १९९२ मध्ये बंद करावी लागली तेव्हा सुमारे ३० हजार लोक बेकार झाले. बांगडा मात्र वर्षभरात वयात येतो. अंडी घालणाऱ्यांना आणि पिल्लांना दोन-तीन पावसाळे उसंत मिळाली तर तो स्वतःला सावरू शकतो. २०२४ साली देशात सर्वाधिक पकड याच माशाची होती, सुमारे २ लाख ६३ हजार टन. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. हातात काही उरले आहे तोवरच त्याची वाटणी कशी व्हावी हे ठरवायचे असते.

म्हणून पक्षाने पुढील मागण्या आपल्या म्हणून स्वीकारल्या पाहिजेत. राज्याच्या सागरी हद्दीत बांगड्याच्या भराच्या महिन्यांत किनाऱ्यालगतचा पट्टा केवळ रापण, होडी आणि छोट्या जाळ्यांसाठी राखावा व त्यावर गस्तीची नौका खरोखर फिरावी. किमान लांबीची तपासणी जेटीवर आणि भुकटीच्या कारखान्यांच्या फाटकावर करावी आणि कोवळ्या मासळीसाठी कारखान्यालाही दंड असावा. डिझेलचा परतावा इंजिनाच्या आकारावरून न ठरवता नौकेवर काम करणाऱ्या माणसांच्या संख्येवरून ठरवावा. परवाना सोडणाऱ्या पर्ससीन मालकाचे कर्ज शासनाने वाटाघाटीने मिटवावे, म्हणजे हप्त्याची सक्तीच संपेल. मात्र त्याआधी त्याच्या खलाशांचे देणे चुकते व्हावे. आणि बंदीच्या काळातील निर्वाहभत्ता पुरुषांबरोबर मासळी विकणाऱ्या स्त्रियांनाही मिळावा.

या मागण्यांसाठी मालवणात मोर्चा निघेल तेव्हा पुण्यातील कार्यकर्त्यांनी सहानुभूतीचा ठराव करून थांबू नये. मत्स्यव्यवसाय आयुक्तालय मुंबईत, मासा खाणारा पुण्यात आणि दोर ओढणारा सिंधुदुर्गात, या अंतराचा फायदा आजवर मधल्या भांडवलाने घेतला. शहरातील हमाल पंचायत, घरकामगार स्त्रिया, वस्त्यांतील आपल्या शाखा यांच्यापर्यंत हा प्रश्न भाववाढीचा म्हणून नेता येईल, कारण तो तसा आहेच. येत्या सप्टेंबरपूर्वी प्रत्येक शाखेने या विषयावर एक सभा घ्यावी आणि तिचा ठराव मत्स्यव्यवसाय मंत्र्यांकडे पाठवावा. बांगडा त्याच्या वेळेला किनाऱ्याकडे येईलच. तेव्हा त्याच्या वाटेत कोणाचे जाळे असावे, हे आपण आधी ठरवले नाही तर ते बँकेच्या वसुली खात्याने ठरवलेले असेल.